दोन बोटं ढील

आठ हजार किलोमीटरला चेन गेली.
बावतीस म्हणाला, ही वीस हजार सहज ओढते,
तू हिला खायला काय घालतेस?

साकीनाक्याला मेट्रोच्या खांबाला टेकून त्याचं गॅरेज:
एक पाट, एक हवेचा पंप,
आणि डालड्याच्या जुन्या डब्यात रॉकेल.
मी दातांच्या लॅबची माणूस.
मुलुंड, सायन, चेंबूरच्या दवाखान्यांतून
प्लास्टरचे जबडे गोळा करून मरोळला पोचवते,
संध्याकाळी कवळ्या परत,
कापसात झोपलेल्या, नावाची चिठ्ठी लावून.

त्यानं मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटानं मागे ओढली.
अर्धा दात उघडा पडला.
नवी असती तर नखसुद्धा शिरलं नसतं, म्हणाला.
दात सगळे एकाच अंगाला कललेले, टोकाला आकड्यासारखे.
असे मी साच्यांत पाहिलेत,
झोपेत करकरा चावणाऱ्यांचे.

मग चाक हळूहळू फिरवलं.
इथे सैल. इथे सैल. इथे ताठ.
ताठ जागेवर खडूची रेघ.
घट्ट कोण करतं?
मीच.
दर खडखडाटाला पाना, दर पान्याला अर्धा आटा.
घट्ट म्हणजे मजबूत,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं.

तू करतेस स्टँडवर, गाडी रिकामी असताना.
तू बसलीस, डबा चढला, मरोळ नाक्याचा खड्डा आला,
चाक वर येतं, चेन ताणते.
तिनं जायचं कुठे?

मला वाटलं, झालं निदान.
तो मात्र उठेना.
तेवढ्यानं वीसचे आठ होत नाहीत, पुटपुटला,
आणि चेनचं काळं वंगण चिमटीत घेऊन
माझ्या कानाशी चोळलं.
ऐक.
बारीक, कोरडं, करकर.

आम्ही दोघांनी समोर पाहिलं.
रस्त्यापलीकडे मार्बल कापत होते,
पांढरा धुरळा पार रिक्षांच्या टपावर.
मार्बल? मी विचारलं.
मार्बल मऊ. हे चावतंय.

मग त्याची नजर चेनवरून चढत गेली:
खडखडतं म्हणून मीच काढून टाकलेलं चेनकव्हर,
मडगार्ड, कॅरियर, डबा,
डब्याच्या डाव्या कोपऱ्याची चीर,
चिरेवरची वाळलेली चिकटपट्टी,
आणि तिच्याखालून मडगार्डवर उतरलेली
करड्या पुडीची रेघ, मुंग्यांच्या वाटेएवढी.

दर बुधवारी मस्जिद बंदरहून
प्युमिसच्या दोन पिशव्या आणते, पाच-पाच किलो.
लॅबमध्ये यशोधरा त्या पुडीनं कवळ्या घासते,
त्या खऱ्या दातांसारख्या चमकेपर्यंत.

म्हणजे आठ महिने
मी चेनलाही पॉलिश करत होते.
बावतीस हसला. पुढचे दोन दात नाहीत त्याला.
लॅबच्या भावात करून देते म्हटलं तर ऐकत नाही,
म्हणतो, माप घेताना उलटी येते.

नुसती चेन बदलली तर?
जुन्या दातांवर नवी चेन चढवलीस,
तर आठ दिवसांत तीही जुनी होईल.
तिन्ही बदलू. अर्धे आता, अर्धे एक तारखेला.

बसवून झाल्यावर म्हणाला, बस गाडीवर.
डबा राहू दे, भरलेलाच हवा.
खाली वाकून त्यानं चेन वर उचलली, खाली सोडली,
पुन्हा एक कणभर आटा उलटा.
हात घाल. दोन बोटं. याच्यावर नाही, याच्याखाली नाही.

पवईपर्यंत आवाजच नाही.
मला चैन पडेना, तलावाशी थांबून पुन्हा मोजलं.
दोन बोटं.

आता रात्री, चेन गरम असताना,
आतल्या बाजूनं नव्वद नंबरचं तेल, थेंब थेंब,
मग फडकं.
प्युमिस टाकीवर बांधून आणते, पुढे, डोळ्यांसमोर.

काल चेंबूरहून एक कवळी परत आली.
चिठ्ठीवर डॉक्टरीण बाईंचं अक्षर:
पेशंट म्हणतो, फार घट्ट बसते, हिरडी सोलते.
मी चिठ्ठी यशोधराला दिली.
तिच्या कोपऱ्यावर माझ्या दोन बोटांचे काळे ठसे.